वेल्सला निघालेला डबा

१

देवव्रतला दुपारच्या विमानाने निघायचं होतं आणि सकाळी चहाच्या वेळी त्याचा डबा सापडेनासा झाला.

डबा शाळेतला होता. ॲल्युमिनियमचा, चौकोनी, एका कोपऱ्यात चेपलेला. पूर्वी त्यातून पोळीभाजी जायची. देवव्रत कलकत्त्याला रग्बी खेळायला लागल्यापासून त्यात दातांचा गार्ड राहायचा. गार्ड म्हणजे त्याच्याच दातांच्या ठशावर बेतलेलं रबरी कवच. सामन्यात तोंडात घालायचं, संपला की धुऊन डब्यात. "बूट विसरेन, चड्डी विसरेन, पण गार्ड विसरणार नाही," असं तो म्हणायचा. त्यामुळे जे जे विसरून चालणार नाही ते तो त्याच डब्यात कोंबायचा. काल दुपारी त्याने आपला पासपोर्ट त्यात ठेवला होता. व्हिसाचा शिक्का बसलेला पासपोर्ट.

इरावतीबाई वरच्या मजल्यावरून खाली आल्या तेव्हा त्यांचा भाचा सगळ्या खोलीभर ओणवा फिरत होता. गंगेकाठच्या पंचगंगा घाटावरच्या आखाड्यात घडलेलं शरीर. मान आणि डोकं एकाच मापाचं. तो कॉटखाली शिरला तर कॉट उचलली गेली.

"आत्या, बाजूला हो जरा."

"मी बाजूलाच आहे. तूच सगळीकडे आहेस. काय हरवलं?"

"डबा. पासपोर्ट आहे त्यात."

इरावतीबाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. बँकेच्या तपासणी विभागात जन्म काढलेली बाई. कुणी 'हरवलं' म्हटलं की आधी सांगणाऱ्याचा चेहरा बघायची सवय. निवृत्तीनंतर मंगला गौरीच्या गल्लीत माहेरच्या घरी परतल्या, पण सवय काही निवृत्त झाली नाही. गल्लीतल्या प्रत्येकाचं खातं त्यांच्या डोक्यात उघडलेलं असे: जमेला काय, नावे काय, आणि कुठली बाकी तो लपवतोय.

देवव्रतचा चेहरा खरा होता. पांढरा पडला होता.

वेल्समधल्या एका क्लबाने त्याला एका मोसमाचा करार दिला होता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत या खेळात पैसे घेणं म्हणजे पाप होतं. आता पगारी खेळाडू ठेवायला परवानगी मिळाली आणि तिकडचे क्लब जगभर जाड मानांची माणसं शोधत सुटले. कलकत्त्याला आलेल्या त्यांच्या पाहुण्या संघाला देवव्रतने मैदानात असं काही मागे रेटलं, की त्यांच्या प्रशिक्षकाने सामना संपल्यावर त्याची मान हाताने चाचपून पाहिली, जनावर विकत घेताना पाहतात तशी. आणि बजावलं: सोमवारी सकाळी हजर, वैद्यकीय तपासणी, मग सही. तू नसलास तर टोंगा बेटावरचा एक गडी तयार बसला आहे.

नवा पासपोर्ट, नवा व्हिसा म्हणजे महिने. टोंगाचा गडी काही महिने बसून राहणार नव्हता.

"वहिनी," इरावतीबाईंनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक दिली, "चहा नंतर. आधी इकडे या आणि काल या घरात कोण कोण आलं ते सांगा."

२

कालिंदी, देवव्रतची आई, पदराने हात पुसत आली. तिला रडायला वेळ लागत नसे, पण आज तिने ते पुढे ढकललं होतं.

इरावतीबाईंनी उघडी बॅग पाहून घेतली. घड्याळ होतं. कप्प्यात पाऊंडांच्या नोटा होत्या. इंग्लिश चामड्याचे नवे कोरे बूट होते. गल्लीतला कुठलाही चोर यातलं काही तरी उचलल्याशिवाय राहिला नसता.

"म्हणजे चोर नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला डबाच हवा होता असं माणूस आहे. काल दुपारी डबा कुठे होता?"

"कोनाड्यात," देवव्रत म्हणाला. "मी पासपोर्ट ठेवला आणि आखाड्यात गेलो. सगळ्यांनी निरोपाची ठंडाई केली होती. परत आलो, झोपलो. सकाळी बघतो तर कोनाडा रिकामा."

"तो आखाड्यात असताना कोण आलं, वहिनी?"

"निवेदिता आली होती बॅग भरायला. सुमंत एकदा तिकिटाचं विचारायला डोकावला. बाहेरचं असं कुणी नाही."

"आणि घरातलं?"

कालिंदी जरा थबकली. "मी. तुम्ही. भावोजी. पण भावोजी चहा घेऊन लगेच रामनगरला गेले. नीलकंठशास्त्र्यांकडे पारायण आहे ना त्यांचं."

भावोजी म्हणजे ढुंढिराजशास्त्री. इरावतीबाईंचे थोरले बंधू, वेदपाठी, कडक सोवळ्याचे. देवव्रतचे वडील लवकर गेले. या काकांनीच त्याला वाढवला, मुंज लावली, संथा दिली. आणि तो रग्बीपायी परदेशी निघाला म्हटल्यावर महिनाभर त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. अपवाद फक्त एक भांडण. परवाच झालं होतं.

"काका नाही," देवव्रत लगेच म्हणाला. "काका त्या डब्याला हात लावणार नाहीत. तोंडातली वस्तू आहे आत. उष्टी. डबा ओट्यावर दिसला तर ओटा धुवायला लावतात."

हे मात्र सोळा आणे खरं. इरावतीबाईंनी मनातल्या मनात बंधूंच्या नावावर रेघ मारली. राहिले दोघे: एक या पोराशी लग्न करणारी आणि एक त्याच्याबरोबर कुस्ती खेळलेला.

तेवढ्यात निवेदिता दारात उभी राहिली. डबा नाहीसा झाल्याचं घरातल्या कुणी तिला सांगितलं नव्हतं. तरी तिने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "मिला क्या?"

३

"काय मिळालं का म्हणतेस?" इरावतीबाईंनी विचारलं.

निवेदिता मराठी घरातलीच, पण बोलताना हिंदीत कधी शिरायची ते तिलाही कळत नसे. शाळेत भूगोल शिकवायची, आणि देवव्रतच्या जाण्याबद्दल तिचं मत साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. लग्न ठरल्यावर नवरा आठ महिने चिखलात लोळायला जाणार, हे तिला पसंत नव्हतं, आणि नापसंती मनात ठेवायचा तिचा स्वभाव नव्हता.

"गल्लीत सुमंत भेटला, त्याने सांगितलं. याने म्हणे मघाशी त्याच्या खिडकीवर दगड मारून विचारलं, डबा पाहिलास का."

देवव्रतने मान डोलावली. बरं. पहिलं वाक्य जमेला.

"काल तू बॅग भरलीस. डबा पाहिलास?"

"आले तेव्हा कोनाड्यात होता, मग लक्ष गेलं नाही. बॅगेत टाकणार होते, पर ये पहले ही बोला था, हातात ठेवीन."

"आणि मग तू घरी गेलीस."

"हो."

"थेट?"

इरावतीबाई काल संध्याकाळी खिडकीत सुपारी कातरत बसल्या होत्या, आणि खिडकीतून दिसणारं त्यांच्याकडून सहसा सुटत नसे. "तू इथून निघालीस तेव्हा पदराखाली काहीतरी होतं. दोन्ही हातांनी धरलं होतंस. आणि तू घराकडे वळली नाहीस, उलटीकडे गेलीस. घाटाकडे."

"आत्या, काहीही काय," देवव्रत म्हणाला.

"तू गप्प. तू फक्त रेटायचं काम कर, विचार आम्ही करतो."

निवेदिताचे कान लाल झाले. तिने आधी देवव्रतकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "घाटावर नाही गेले. मंगला गौरीला गेले. नारळ होता. खण होता. ओटी भरली."

"तू?" कालिंदीला राहवलं नाही. "गेल्या मंगळागौरीला तू मला म्हणालीस, हे सगळं अंधश्रद्धा आहे."

"आहेच. मग म्हणून तर पदराखाली नेलं."

देवव्रत तिच्याकडे बघत राहिला. "माझ्यासाठी?"

"तुझ्या गुडघ्यांसाठी. बाकीच्याचं मला काही पडलेलं नाही."

इरावतीबाईंनी तिच्या खात्याला बरोबरची खूण केली. ओटीची खातरजमा पुजारीणबाईंकडे एका मिनिटात झाली असती, आणि हे निवेदितालाही माहीत होतं. अशी थाप कुणी मारत नाही. राहिला एक.

"सुमंतला बोलवा," त्या म्हणाल्या.

"बोलवायला नको," खालून आवाज आला. "मी आलोय. आणि गाडी गल्लीबाहेर, मैदागिनच्या चौकात उभी केली आहे. डबा मिळो न मिळो, अजून थोड्या वेळात निघायला लागेल."

४

सुमंत ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होता. देवव्रतएवढाच रुंद, पण पोट सुटलेला. दोघांनी मिळून व्यायामशाळा काढायची ठरवली होती. जागा पाहिली होती, नावावरून भांडणही झालं होतं. मग वेल्सहून बोलावणं आलं.

"तुझं नुकसान झालं यात," इरावतीबाईंनी सरळ विचारलं.

"झालं ना. बहुत हुआ. मीच म्हणालो याला, तिकडे थंडीत दात पाडून घेण्यापेक्षा इथे गुरू हो. ऐकलं नाही."

"आज तो गेला नाही तर?"

"तर व्यायामशाळा निघेल." सुमंत बसला. स्टूल कुरकुरलं. "पण आत्या, मला त्याला अडवायचं असतं तर डबा कशाला चोरू? त्याचं तिकीट माझ्याच हातात होतं. काल संध्याकाळी काही न करता गप्प बसलो असतो, तरी तो इथेच राहिला असता."

"म्हणजे?"

"मुगलसरायच्या पुढे मालगाडी घसरली. काल संध्याकाळी कळलं. दिल्लीच्या गाड्या बंद. मग मी एअरलाइनच्या ऑफिसात जाऊन भांडलो, मॅनेजरच्या पाया पडलो, आज दुपारच्या विमानात जागा काढली. बाबतपूरहून दिल्ली, तिथून रात्रीचं लंडन. हे मी सकाळी येऊन सांगितलं, विचारा यांना."

कालिंदीने मान हलवली. सकाळपर्यंत घरातल्या सगळ्यांना जुनाच बेत ठाऊक होता. पंचगंगेवरून नावेत सामान टाकायचं, गल्ल्यांतून बॅगा ओढायला नकोत. नावेने रामनगरला उतरायचं. तिथे नीलकंठशास्त्र्यांची जीप. जीपने मुगलसराय स्टेशन.

इरावतीबाईंनी सुमंतच्याही खात्यावर खूण केली. आणि त्या अडचणीत आल्या. तिन्ही खाती तपासून झाली, तिन्ही जुळली, आणि तरी डबा गेलेला. बँकेत असं झालं की त्या एकच गोष्ट करायच्या. ज्या खात्याकडे 'इथे काही असणार नाही' म्हणून पाहिलेलं नसे, ते काढायचं.

"वहिनी, दादांची खोली उघडी आहे?"

५

ढुंढिराजशास्त्र्यांची खोली गच्चीवर होती. इतकी नीटनेटकी, की कुणी तिथे राहतं असं वाटू नये. दर्भासन गुंडाळलेलं. भिंतीवरच्या खुंटीला पारायणाचा रेशमी मुकटा लटकत होता.

इरावतीबाई खुंट्यांकडे पाहत राहिल्या. दोन खुंट्या. एकीवर मुकटा. दुसरी रिकामी.

"वहिनी, दादा पारायणाला काय नेसून बसतात?"

"मुकटा. नेहमी." कालिंदीने खुंट्यांकडे पाहिलं. "मुकटा इथेच आहे. धाबळी नेली त्यांनी."

धाबळी म्हणजे लोकरीचं सोवळं. पारायणाला मुकटा लागतो तर मुकटा घरी, आणि धाबळी लागत नाही तर ती बरोबर.

गच्चीवरच्या दोरीवर एक पंचा वाळत होता. कार्तिकातलं ऊन अजून गच्चीवर आलं नव्हतं. इरावतीबाईंनी कडेला बोट लावलं. दमट.

"दादा काल दुपारी गेले. त्यांचं स्नान पहाटे, घाटावर. तो पंचा तुम्ही दुपारपर्यंत घडी करून ठेवता. मग हा कधी ओला झाला?"

सगळे गच्चीवर चढून आले होते.

"निघायच्या आधी दादांनी परत आंघोळ केली. इथे, नळाखाली. कारण त्यांनी काही तरी ओवळं शिवलं होतं." त्या देवव्रतकडे वळल्या. "लोकरीला विटाळ नसतो. ओवळी वस्तू न शिवता न्यायची तर लोकरीत गुंडाळून नेतात. डबा दादांनी नेला, बाळा."

देवव्रतने तो पंचा हाताने चाचपला. या माणसाने त्याला कडेवर घेऊन संध्या शिकवली होती.

"गंगेत सोडला असेल," सुमंत हळूच म्हणाला. "इतका राग होता त्यांना. नावेतून टाकला की झालं."

कालिंदी पायरीवर बसली. पुढे ढकललेलं रडू आता आलं. निवेदिताने देवव्रतचा दंड धरला, कारण तो गच्चीच्या कठड्याकडे चालला होता आणि खाली गंगा वाहत होती, कुणाला काही परत न करणारी.

"थांबा," इरावतीबाई म्हणाल्या. पण त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना पुरेसा पक्का वाटला नाही. "परवाचं भांडण. देवव्रत, काका काय म्हणाले, शब्दन् शब्द सांग."

"आता त्याचं काय."

"सांग म्हणते ना."

६

ते त्यांनी ऐकलं गाडीत. सुमंतच्या ॲम्बॅसिडरमध्ये बॅगा होत्या, पुढे ड्रायव्हर आणि सुमंत, मागे त्या आणि देवव्रत, आणि देवव्रतमुळे त्या जवळजवळ दाराला चिकटलेल्या. कालिंदी आणि निवेदिताने दाराशीच निरोप घेतला होता. डबा मिळाला तर पोर तिथूनच पुढे जाणार होतं. नाही मिळाला तर घरीच होतं. ढुंढिराजशास्त्र्यांना रामनगरला गाठायला गाडी लंका मोहल्ल्याच्या रस्त्याने सामनेघाटाकडे धावत होती, विमानतळाच्या बरोबर उलट दिशेला.

"काका म्हणाले, जानवं कुठे आहे? मी म्हटलं, मैदानात गळ्यात काही ठेवत नाहीत, कुणी धरून ओढलं तर गळा कापेल. तर म्हणाले, जानवं नाही, मग तुझं असं तुझ्याजवळ आहे तरी काय?"

"आणि तू?"

"मी चिडलो होतो. म्हटलं, हे आहे माझं हत्यार, आणि डबा उघडून गार्ड दाखवला. त्यांनी पाहिला. मग काही न बोलता वर गेले. मला वाटलं, टोमणा मारला आणि गेले."

इरावतीबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं आणि ते त्यांना दाबता येईना.

"तो टोमणा नव्हता रे. ते तुला विचारत होते."

"काय?"

"मी पहिल्यांदा नोकरीवर नागपूरला निघाले ना, तो दिवस चांगला नव्हता. तेव्हा आमच्या अण्णांनी, वडिलांनी, आदल्या दिवशी, चांगल्या वेळी, माझी एक साडी नि सुपारी दुसऱ्याच्या घरी ठेवायला पाठवली. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. आपण निघायचं तेव्हा निघतो, पण आपली वस्तू चांगल्या वेळी आधीच निघालेली असते. मग आपण वाटेत ती उचलायची आणि पुढे जायचं. माझी साडी कोणी नेली होती माहीत आहे? दादांनीच."

सुमंत पुढच्या सीटवरून पूर्ण वळला.

"आज शनिवार," त्या म्हणाल्या. "शनिवारी पूर्वेला जायचं नसतं, आणि रामनगर, मुगलसराय हे पूर्वेला. दादा तुझ्याशी बोलत नव्हते हे खरं. पण तुला वाईट दिवशी पाठवणं त्यांच्याच्याने झालं नसतं. प्रस्थानात काय ठेवायचं त्याचेही नियम आहेत. ब्राह्मणाचं जानवं, लढणाऱ्याचं शस्त्र. तुझं जानवं ठेवायचं म्हटलं तर ते गळ्यात नाही. मग तू सांगितलंस, हे माझं हत्यार."

देवव्रत त्यांच्याकडे वळला. "गंगेत टाकला नसेल?"

"टाकायचा असता तर घाट घरापासून चार पावलांवर. डबा टाकायचा, तिथेच बुडी मारायची, विषय संपला. त्यासाठी नळाखाली आंघोळ नि धाबळी कशाला? लोकरीत गुंडाळून तीच वस्तू नेतात जी जपून न्यायची असते. ती वस्तू नीलकंठशास्त्र्यांकडे आहे. नाव लागते तिथून जीपपर्यंत जाताना तुला दिसेल अशी."

"पण मी तिकडे जाणारच नव्हतो," देवव्रत म्हणाला.

"तेच. दादा काल दुपारी निघाले, मालगाडी संध्याकाळी घसरली. ते तिकडे तुझी वाट बघत बसले आहेत, आणि पासपोर्ट आत आहे हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतंय, गार्ड काय, खेळताना लागेल."

"फोन करायचा ना त्यांना," ड्रायव्हर म्हणाला, जणू तोही घरातलाच.

"शास्त्र्यांचा फोन दिवाळीपासून मेलेला आहे," सुमंत म्हणाला. "भैया, तुम गाड़ी भगाओ."

७

नीलकंठशास्त्र्यांचं घर गंगेवरच्या पिप्यांच्या तरंगत्या पुलापलीकडे, वाळवंटाच्या वरच होतं. गाडी वाळूतल्या लोखंडी पत्र्यांवर उभी करून तिघे चढण चढले.

ओसरीवर ढुंढिराजशास्त्री ताठ बसले होते. शेजारी पाट, पाटावर लोकरीची घडी, घडीवर चेपलेला डबा. डब्याच्या झाकणावर हळदकुंकू होतं आणि एक सुपारी.

त्यांनी वर पाहिलं. "नावेने येणार होतास ना?"

"काका, पासपोर्ट आहे आत."

"कुठे?"

देवव्रतने डबा उघडला. गार्डच्या खाली निळं पुस्तक होतं. शास्त्रीबुवांनी ते पाहिलं, आणि इरावतीबाईंना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या थोरल्या भावाची घाबरलेली मुद्रा दिसली.

"मला काय ठाऊक. उष्ट्यात कुणी सरकारी कागद ठेवतं का?" मग खालच्या आवाजात, "घरी फार शोधाशोध झाली?"

"वहिनी रडल्या," इरावतीबाई म्हणाल्या. "सुमंतवर आळ आला. निवेदिताने ओटी भरल्याचं कबूल केलं. बाकी काही नाही. दादा, एक शब्द सांगून गेला असतात तर?"

"सांगितलं असतं तर याला वाटलं असतं, मी मान्य केलं."

"मग केलं नाही?"

देवव्रत वाकून शास्त्रीबुवांच्या पाया पडायला गेला. त्यांनी नेहमीसारखे पाय मागे घेतले नाहीत.

"दिल्लीची गाडी बंद आहे," सुमंत म्हणाला, "विमानाने जायचंय. बाबतपूरहून. लवकर निघायला पाहिजे."

"बाबतपूर म्हणजे पश्चिम." शास्त्रीबुवांनी डोळे मिटून जरा हिशेब केला. "शनिवारी पश्चिमेला काहीच अडचण नाही."

"म्हणजे हे सगळं करायची गरजच नव्हती," इरावतीबाई म्हणाल्या.

"मला काय माहीत हा उडणार आहे."

विमान मिळालं, ती काळजी वाचकांनी आत्ताच सोडून द्यावी. सोमवारी सहीदेखील झाली आणि टोंगाच्या गड्याला दुसरा क्लब बघावा लागला. पण त्या क्षणी वाळवंटावर कुणालाच हे माहीत नव्हतं. कारण ते धावत खाली आले तेव्हा ॲम्बॅसिडर पत्र्यावरून घसरून वाळूत बसली होती. समोरून ट्रॅक्टर आला म्हणून ड्रायव्हरने बाजू दिली, आणि मागची चाकं गेली. जितकी फिरवावी तितकी खाली.

सुमंतने कपाळावर हात मारला. देवव्रतने आत्याला मागच्या सीटवर बसवलं, डबा त्यांच्या मांडीवर टाकला आणि स्वतः गाडीच्या मागे गेला. सुमंत एका बाजूला, तो एका बाजूला. गाडी हलली, डुलली, परत बसली.

"अजून एक खांदा पाहिजे," देवव्रत म्हणाला. "मधे."

शास्त्रीबुवा चढणीवरून उतरून आले होते. सकाळचं स्नान झालेलं, अंगावर स्वच्छ धोतर, उपरणं. पूजेची वेळ होत आली होती. त्यांनी गाडीच्या धुळीने भरलेल्या डिकीकडे पाहिलं. मग उपरणं कमरेला बांधलं आणि दोघांच्या मधे येऊन उभे राहिले.

"कसं लावायचं, ते सांग."

देवव्रतने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने काकांचा उजवा हात आपल्या कमरेभोवती घेतला, डावा सुमंतच्या. "घट्ट धरा. पाठ सरळ. मान वर, खाली बघू नका. पाय मागे, अजून मागे. मी म्हणेन तोपर्यंत रेटायचं नाही. तिघांनी एकदम. एकटा रेटला तो पडला."

"असा आहे होय तुझा खेळ," शास्त्रीबुवा म्हणाले.

"असंच आहे."

"आणि समोर?"

"समोर असेच आठजण, आपल्याला मागे रेटणारे."

शास्त्रीबुवांनी मान वर केली. इरावतीबाई मागच्या काचेतून बघत होत्या. तीन चेहरे काचेला लागून, मधला त्यांच्या भावाचा, गंधासकट.

"वाका," देवव्रत म्हणाला. "थांबा. थांबा. आता."

गाडी वाळूतून अशी उसळली, की इरावतीबाईंचं डोकं टपाला लागलं. चाकं पत्र्यावर चढली. सुमंत तोंडावर पडला, तसाच उठून पुढचं दार उघडून आत शिरला. देवव्रत पळत आला आणि चालत्या गाडीत मागे घुसला. वाळू, घाम आणि हसू यांनी त्याचा चेहरा माखला होता.

पुलावर चढताना इरावतीबाईंनी वळून पाहिलं. ढुंढिराजशास्त्री अजून तसेच होते. पाठ सरळ, मान वर, पाय मागे, समोर आता काहीच नसताना, पुढच्या हुकुमाची वाट बघत.